ओल

माझ्या भाचीने म्हापशाहून एका दिवाळी अंकाकडे पाठवलेली कथा गेल्या महिन्यात परत आली. कथेचा काळ 1955, गोव्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं राज्य. सत्याग्रहींची पत्रकं घरात लपवणारी एक तरुण बाई. पोलीस घरात शिरतात तेव्हा पत्रकं तान्ह्या मुलीच्या दुपट्याखाली असतात, आणि भीतीने त्या बाईचं नेसतं लुगडं भिजतं. संपादकांनी कळवलं की हा प्रसंग ओंगळ आहे, स्वातंत्र्यासाठी झटलेल्या स्त्रियांचा अपमान करणारा आहे, नायिका जरा तेजस्वी करून पाठवा. भाचीने ते पत्र घरच्या ग्रुपवर टाकलं आणि मामाने ताबडतोब संपादकांची बाजू घेतली. "आपल्या बायका वाघिणी होत्या. त्यांना असं दाखवतात का?"

मामाचा जन्म 1963 चा. पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, राज्य त्याने पाहिलेलं नाही.

तेव्हापासून मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडते आहे. इथे लिस्बनमध्ये ओदिवेलासहून मेट्रोत बसले की भांडण सुरू होतं ते ऑफिसच्या दारापर्यंत चालतं. वाघीण म्हटलं की बाईबद्दल विचार करायचं काम संपतं. वाघिणीला कोण विचारणार, बाई गं, पोलीस गेल्यावर तू काय केलंस? जमीन कशाने पुसलीस?

इथे सेच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, समोर अल्जुबचा जुना तुरुंग आहे, 2015 पासून संग्रहालय झालेला. दारावरून अठ्ठावीस नंबरची ट्राम खडखडत जाते. आत एकांतकोठड्या दाखवल्या आहेत, हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील एवढ्याच रुंद. सालाझारच्या गुप्त पोलिसांची, पिदेची, एक आवडती शिक्षा होती: पुतळा. माणसाला दिवसच्या दिवस उभं ठेवायचं, झोपू द्यायचं नाही. बायकांना मुख्यतः काशियासच्या तुरुंगात ठेवत. सालाझारविरोधी कार्यकर्त्या कोन्सेइसाव मातुश यांना 1965 मध्ये तिथे नेलं. चौकशीत त्यांना शौचालयात जाऊ दिलं नाही, कपडे उतरवले आणि जमीन त्याच कपड्यांनी पुसायला लावली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे हे सगळं त्यांनी स्वतः, आपल्या नावानिशी, जाहीरपणे सांगितलं. त्यांना कोणी ओंगळ म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. म्हणून मला संपादकांचा राग येतो. ज्या शरीरावर हुकूमशाहीने सूड उगवला, तेच शरीर कथेतून पुसून टाका असं ते सांगताहेत.

आणि ओंगळ हा शब्द कुणाच्या तोंडचा आहे? 1972 मध्ये इथल्या तीन लेखिकांनी, तिघींचंही नाव मारिया, मिळून एक पुस्तक लिहिलं. सतराव्या शतकातल्या बेझा शहरातल्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या पत्रांचा धागा धरून त्यांनी आपल्या काळातल्या बायकांची कोंडी मांडली. सरकारने ते अश्लील ठरवलं, बंदी घातली, तिघींना कोर्टात उभं केलं. सालाझार तोवर मेला होता, पण राजवट त्याचीच होती. त्या सुटल्या 1974 च्या मे महिन्यात, म्हणजे राजवट कोसळल्यावर. गोव्यात तर लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. त्या सेन्सॉरच्या तावडीतून सुटून साठाहून जास्त वर्षं झाली आणि आमच्याकडे एक संपादक आपणहून त्याच्या खुर्चीत बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मी हे ग्रुपवर लिहिलं. मामाचं उत्तर आलं: "त्यांचं कौतुक आम्हाला सांगू नकोस. तू त्यांचा पासपोर्ट घेतलास."

त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. आज देते. मामा, गोव्याच्या पोलिसातल्या ज्या कासिमिरो मोंतेरोच्या नावाने तुमच्याकडची माणसं अजून शहारतात, तोच मोंतेरो पुढे पिदेच्या टोळीबरोबर स्पेनच्या हद्दीत गेला. 1965 च्या फेब्रुवारीत त्या टोळीने सालाझारचे विरोधक जनरल देल्गादो आणि त्यांची सेक्रेटरी आराझारिर कांपुश यांना ठार मारलं. पोलीस एकच होते. त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या बायकाही मला एकाच घरच्या वाटतात. मडगावला जून 1946 मध्ये वत्सला कीर्तनींना पकडल्यावर चाळीसेक बायका पोलीस ठाण्यावर गेल्या, आम्हालाही पकडा म्हणाल्या. सुधाताई जोशी 6 एप्रिल 1955 ला म्हापशात नॅशनल काँग्रेस (गोवा)च्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि तुरुंगात गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी, 19 मे 1954 ला, पोर्तुगालच्या अलेंतेझू भागातल्या बालेझावं गावी मजुरी वाढवून मागणाऱ्या कातारिना एउफेमियाला शिपायांच्या अधिकाऱ्याने गोळ्या घातल्या. ती सव्वीस वर्षांची होती. कडेवर आठ महिन्यांचं मूल होतं.

खरं सांगायचं तर इथेही सगळं धुतल्या तांदळासारखं नाही. कातारिनाचीही लोकांनी देवी केली, कम्युनिस्ट पक्षाने तिला आपलं म्हटलं, कवींनी गाणी रचली. पिदेच्या मुख्यालयाच्या खिडक्यांतून, राजवट कोसळली त्या दिवशी, 25 एप्रिल 1974 ला गोळीबार झाला, चार माणसं मेली. त्या इमारतीत आता महागडे फ्लॅट आहेत. मी तिथून जाताना दर वेळी मान वर करून बघते. पण दर पंचवीस एप्रिलला आव्हेनिदावर, म्हणजे इथल्या मोठ्या रस्त्यावर, लाल क्राव्हू, म्हणजे कार्नेशनची फुलं, हातात घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या बायका पाहिल्या की मला वाटतं, ह्यांना आपली भीती सांगता आली. चोरट्या घरांत नाव बदलून राहिलेल्या, खिडकीशी शिवण घेऊन बसून रस्त्यावर नजर ठेवणाऱ्या, रात्री दारं लावून बंदी असलेली पत्रकं टाइप करणाऱ्या, मुलं दुसऱ्यांच्या हवाली केलेल्या. आमच्या बायकांना फक्त रस्त्याला नाव मिळालं, तेही थोड्यांनाच. तारखा इतिहासात येतात. लुगडं भिजलं ते कथाकादंबरीतच येऊ शकतं, दुसरीकडे त्याला जागा कुठे आहे?

आता ते लुगडं.

आमच्या घरात ही गोष्ट वेगळी सांगतात. पोलीस आले, पत्रकं दुपट्याखाली होती, आणि नेमकी त्याच वेळी आई, म्हणजे ती तान्ही मुलगी, मुतली. शिपायाने ओल बघून नाक मुरडलं, दुपटं उचललं नाही. आई हे आयुष्यभर हसत सांगत आली, माझ्यामुळे पत्रकं वाचली म्हणून. मी लिस्बनला निघाले त्याच्या आदल्या रात्री आजी माझ्याजवळ येऊन बसली. माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, वर पासपोर्ट. तिने तो हातात घेतला, उघडला नाही. म्हणाली, "पोर कोरडी होती गो. ती ओल माझी." आणि मग, "कुणाला सांगू नको."

तो पासपोर्ट मला मिळाला होता त्याच पोरीमुळे. आई 1954 ची, म्हापशाच्या पोर्तुगीज नोंदवहीत तिचा जन्म लिहिलेला. ती नोंद इथल्या दफ्तरात चढवली, मग माझी. त्या कागदावर बाळाच्या आईच्या नावापुढे धंदा लिहिला आहे: दोमेश्तिका. घरकाम करणारी. मामा म्हणतो ते मला लागतं ते यासाठी. ज्या राज्याच्या शिपायासमोर आजी थरथरत बसली, त्याच राज्याच्या वहीतला कागद घेऊन मी इथे पोटाला लागले. मी इथली झाले का, सांगता येत नाही. तिथली उरले का, हे मामा ठरवतो आहे आणि मी त्याला ठरवू देणार नाही.

पण आजीला दिलेला शब्द मी मोडला. भाचीला मीच सांगितलं. आजी जाऊन चार वर्षं झाली होती आणि मला ते एकटीला सांभाळवेना.

आईला हे या भांडणातूनच कळलं. दोन दिवस तिचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी, इकडे दुपार होती, तिकडे दिवेलागण झाली असणार, तिचा फोन आला. कथेबद्दल काही बोलली नाही, मामाबद्दल नाही. विचारलं, "तेव्हा आई किती वर्षांची होती गो?"

"तेवीस."

बराच वेळ तिकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "आणि जमीन तिने एकटीनेच पुसली असेल. मी तर दुपट्यावर."