‘सोडलेला कॉकर घरी आणू नका’ म्हणे!

कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्र्यांबद्दलचा एक मेसेज सध्या सोसायट्यांच्या आणि श्वानप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. त्याचं सार असं: रेस्क्यू केलेला कॉकर घेऊ नका. चांगला कुत्रा कोणी सोडत नाही, तेव्हा त्यात काहीतरी खोट असणारच. कॉकर मुळात चावरा, त्याला ‘रेज सिंड्रोम’ असतो. मोठा झालेला कुत्रा नव्या घराला जीव लावत नाही. वर आयुष्यभर दवाखाना मागे लागतो. आणि रेस्क्यूवाले फुकटच्या कुत्र्याचे पैसे मागून घराची झडतीही घेतात. त्यापेक्षा खात्रीच्या ब्रीडरकडून, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणाऱ्याकडून, दीड महिन्याचं पिल्लू आणा.

असे कॉकर घर मिळेपर्यंत मी फॉस्टरला ठेवते, तेव्हा माझी बाजू कोणती हे आधीच सांगून टाकते.

आता ती ‘खोट’. घरांतून आमच्याकडे येणाऱ्या कॉकरची कारणं ऐकून पाठ झाली आहेत. परदेशी बदली झाली. बाळ होणार आहे. घरमालक नको म्हणतो. कुत्रा आजोबांचा होता, आजोबा गेले आणि मुलगा-सून दोघं नोकरीला. फार केस गळतात. घरभर वास येतो. यातल्या शेवटच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा कानात सापडतं, आणि ते औषधाने जातं. बाकी सगळी कारणं माणसांची. गंमत म्हणजे सोडताना प्रत्येक जण सांगतो, ‘खूप गुणी आहे हो’, आणि ते खरंही असतं.

दुसरा गट ब्रीडरकडच्या माद्यांचा, आणि त्यांच्याबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही. पाच-सहा वर्षांची मादी, सड लोंबलेले, नखं वाढून वळलेली, दातांवर किटण, अंगभर केसांच्या गुठळ्या. जिना म्हणजे काय ते माहीत नाही, पट्टा लावला की जमिनीला चिकटून बसते. पिल्लं कमी व्हायला लागली की तिला रस्त्यावर सोडतात किंवा ‘चांगलं घर बघा’ म्हणून कुणाच्या तरी गळ्यात बांधतात. केंद्र सरकारच्या २०१७च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार ब्रीडरने नोंदणी करायला हवी, अठरा महिन्यांखालच्या किंवा आठ वर्षांवरच्या मादीकडून पिल्लं घ्यायची नाहीत, आणि एका मादीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त बाळंतपणं करायची नाहीत. त्याच नियमांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायलाही मनाई आहे. म्हणजे मेसेजमधला ‘खात्रीचा ब्रीडर’ दीड महिन्याचं पिल्लू हातात ठेवतो, तेव्हा तो नियम मोडत असतो. अशा माणसाची खात्री कसली देताय?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला वाचा फुटली तीही एका स्पॅनियलमुळे. लूसी नावाची कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल मादी २०१३ साली वेल्समधल्या एका पपी फार्मवरून, म्हणजे विक्रीसाठी पिल्लांची घाऊक पैदास करणाऱ्या जागेतून, सुटली. पिल्लांमागून पिल्लं आणि अरुंद पिंजरा यांनी तिच्या शरीराची वाट लागली होती. तिला दत्तक घेतलेल्या बाईंनी तिची कहाणी लोकांपुढे मांडली. लूसी २०१६मध्ये गेली, पण ६ एप्रिल २०२०पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालची पिल्लं दुकानदार किंवा दलालामार्फत विकायला बंदी आली. तो कायदा तिच्याच नावाने, ‘लूसीज लॉ’ म्हणून, ओळखला जातो. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. अलीकडे तेवढ्यात कुत्र्याच्या बिस्किटांचा एक पुडाही येत नाही.

चावरेपणाकडे येते. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. कॉकर चावतात, काही जोरात चावतात, आणि ‘आमचा कॉकर कधीच चावणार नाही’ असं सांगणाऱ्या रेस्क्यूवाल्याकडून कुत्रा घेऊ नका. पण मेसेजमधला ‘रेज सिंड्रोम’ वेगळाच. काहीही निमित्त नसताना कुत्रा अचानक पिसाळल्यासारखा अंगावर येतो आणि थोड्या वेळाने काही घडलंच नाही असा वागतो, याला ते नाव पडलं. खरोखर असा प्रकार अगदी क्वचित दिसतो, आणि तो स्वभावाचा भाग की अपस्मारासारखा मेंदूचा आजार, यावर जाणकारांचंही एकमत नाही. ब्रिटनमध्ये इंग्लिश कॉकरच्या मालकांच्या मोठ्या पाहणीवरचा अभ्यास १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. एकरंगी, विशेषतः लालसर-सोनेरी कॉकर ठिपकेदार कॉकरपेक्षा जास्त आक्रमक असल्याचं त्यात दिसलं. लोकांनी त्याचा अर्थ ‘सोनेरी कॉकर म्हणजे वेडा’ असा लावला. सोनेरी कॉकर चावतो आणि ‘रेज’ने चावतो, या दोन गोष्टींत मात्र बरंच अंतर आहे.

आमच्याकडे ‘विनाकारण चावतो’ म्हणून आलेल्या कॉकरचं कारण शोधलं तर दोनच ठिकाणी सापडतं. एक कान. लांब, केसाळ, लोंबती पाळी, आत वारा खेळत नाही, त्यात आपला पावसाळा. कानात यीस्टचं, म्हणजे एका बुरशीचं, संक्रमण झालं की काळपट मळ, आंबूस वास आणि असह्य ठणका. पाहुणा प्रेमाने डोक्यावरून हात फिरवायला जातो आणि कुत्रा कडकन चावतो. पाहुण्याला कान दिसत नाही, दात दिसतात. दुसरं, तोंडातली वस्तू. झुडपातून पक्षी उठवायचे आणि पाडलेला पक्षी तोंडात धरून आणायचा, यासाठी माणसाने ही जात घडवली. मोजा, टॉवेल, रिमोट, काहीही तोंडात घेऊन मिरवणं त्याच्या रक्तात आहे. घरात मात्र दर वेळी ‘सोड, सोड’ करत ते हिसकावून घेतात. महिनाभर असं झालं की कुत्रा आधी गुरगुरायला शिकतो, गुरगुरण्याबद्दल मार बसला की गुरगुरणं सोडून थेट चावायला शिकतो. वस्तूच्या बदल्यात चिकनचा तुकडा द्यायचा, एवढी साधी सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घेतली तर यातलं बरंचसं टळतं.

तरीही काही कॉकर लहान मुलांच्या घरात द्यायचे नसतात, आणि आम्ही ते देत नाही. इथेच मोठा कुत्रा घेण्याचा फायदा कळतो. तो फॉस्टरच्या घरी राहिलेला असतो. जेवताना जवळ गेलं तर काय करतो, कान साफ करू देतो का, बेल वाजली की काय होतं, मांजर चालते का, हे कुणीतरी पाहिलेलं असतं. आठ आठवड्यांच्या पिल्लाबद्दल यातलं काहीही कुणी सांगू शकत नाही.

‘मोठा कुत्रा जीव लावत नाही’ याला उत्तर द्यायचंही जिवावर येतं. पहिले तीन दिवस तो कोपऱ्यात बसेल, साधारण तीन आठवड्यांत घराच्या वेळा ओळखेल, तीन महिन्यांत घर त्याचं होईल. हा रेस्क्यूवाल्यांचा ढोबळ हिशेब आहे, पंचांग नव्हे. तिसऱ्या दिवशी ‘अजून शेपूट हलवत नाही’ म्हणून फोन करू नका, एवढंच.

दवाखान्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. कॉकरचे कान आठवड्याला साफ करावे लागतात, पाळीच्या आतले केस कापावे लागतात, पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं घ्यावं लागतं, नाहीतर प्रत्येक घोटाबरोबर दोन्ही कान पाण्यात. गोचिडांपासून होणारे एर्लिकिया आणि बबेसियासारखे ताप आपल्याकडे सर्रास दिसतात. वजन पटकन वाढतं. या जातीत डोळ्यांचा एक आनुवंशिक आजारही आहे, पडदा हळूहळू निकामी होत जातो आणि आधी रात्रीचं दिसेनासं होतं. पण हे सगळं जातीचं दुखणं आहे. विकत आणलेल्या कॉकरला वेगळे कान येत नाहीत. डोळ्यांचा तो आजार पिल्लात दिसत नाही, वर्षांनी उघड होतो. त्याची जनुकीय तपासणी होते, तेव्हा खात्रीच्या ब्रीडरकडे आई-बापाचा रिपोर्ट मागून बघा. आणि पिल्लू ‘सुरक्षित’ म्हणणाऱ्यांनी पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार विसरू नये. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, म्हणजे घेताना टणाटण उड्या मारणारं पिल्लू त्याच आठवड्यात सलाईनवर असू शकतं.

राहिले पैसे आणि झडती. दत्तक देण्याआधी रक्ततपासणी, रेबीजसकट लशी, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि नसबंदी होते. अनेकदा दातांची सफाईही. घेतलेल्या पैशात हा खर्च बहुधा निघत नाही. नसबंदीचा आग्रह अनेकांना जाचतो, ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्या’ म्हणतात. धडधाकट, नसबंदी न झालेली कॉकर मादी फुकट मिळते म्हटल्यावर पहिला फोन कोणाचा येतो? ब्रीडरचा. सोबत बायको-मुलांचा फोटो आणि ‘आम्ही सगळे श्वानप्रेमी’. घर बघायला येतात ते यासाठी. शिवाय बाल्कनीला जाळी आहे का आणि घरातल्या सगळ्यांची खरंच तयारी आहे का, हेही बघायचं असतं.

एका बाबतीत मात्र मेसेज लिहिणाऱ्याचा संशय रास्त आहे. ‘दत्तक’ हा शब्द वापरून पिल्लं विकणारे आणि ‘फक्त गाडीभाडं पाठवा’ म्हणून पैसे उकळणारे भामटे आहेत. कुत्रा प्रत्यक्ष न दाखवता पैसे मागितले, लसीकरणाचं पुस्तक नाही, एकाच माणसाकडे सारखी सारखी जातिवंत पिल्लंच ‘दत्तक’ द्यायला असतात, तर तिथून निघा. कुत्रा तुम्हाला भेटवायला, दोनदा भेटवायला, रेस्क्यूवाल्याला अडचण नसते. दिवसाचे दहा तास घर बंद असेल तर कॉकर घेऊच नका, तो भुंकून आणि सोफा फाडून शेजाऱ्यांना तुमची तक्रार करायला लावेल. आणि जातीचा हट्ट नसेल तर आमच्या यादीत देशी पिल्लं कायमच असतात, त्यांना विचारणारे फार कमी.

ब्रीडरशी तुलनाच करायची तर आमच्या करारातलं एक कलम वाचा. नाही जमलं, तर कधीही, कोणत्याही कारणाने, कुत्रा आमच्याकडेच परत आणून द्यायचा, परस्पर कुणाला द्यायचा नाही. पिल्लू विकणाऱ्याकडून हे लेखी मागून पाहा.