किकचे गुण आणि ट्रायचे गुण : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा : महिला रग्बीवरच्या माझ्या लेखात इंग्लंडच्या एमिली स्कॅरेटचे ७५४ गुण पुढे करून तिला मोठं ठरवलंय, पण त्यातले पुष्कळसे गुण 'ठेवलेल्या चेंडूला लाथ मारून' मिळालेले. धावून ट्राय करणारी, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवणारी, न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन-विकलिफच खरी मोठी.

आधी माझी चूक. ११९ सामन्यांत ७५४ गुण हा इंग्लंडचा विक्रम खराच. पण ट्रायचे ५, पेनल्टीचे (समोरच्या संघाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या किकचे) ३, कन्व्हर्जनचे (ट्रायनंतर मिळणाऱ्या किकचे) २ हे न सांगता मी ती बेरीज एका विंगरच्या (कडेने धावणाऱ्या खेळाडूच्या) शेजारी मांडली. किक घेणारी सेंटर (मधल्या जागेवरची खेळाडू) आणि न घेणारी विंगर यांची अशी तुलना होत नाही. वुडमनचे २०१७ आणि २०२२ च्या वर्ल्ड कपमधले मिळून २० ट्राय, त्यातले ८ एकट्या हाँगकाँगविरुद्ध (२०१७), हेही यायला हवं होतं.

पण 'समोर कुणी नाही, मग त्यात काय' हे पटत नाही. कन्व्हर्जन हव्या त्या जागेवरून घेता येत नाही. ट्राय जिथे टेकवला तिथून सरळ रेषेत मागे यावं लागतं. चेंडू गोलच्या दोन खांबांमधून, आडव्या दांड्यावरून जायला हवा; खांबांत अंतर ५.६ मीटर, दांडा ३ मीटरवर. ट्राय मध्यापासून १५ मीटर बाजूला झाला आणि चेंडू फक्त ५ मीटर मागे ठेवला, तर खांबांमधली फट साडेसहा अंशांची उरते. १५ मीटर मागे गेलं की जवळजवळ पावणेअकरा. त्याहून मागे गेलं की पुन्हा कमी. आता कोपऱ्यातला ट्राय घ्या, ३३ मीटर बाजूला. सगळ्यात रुंद फट मिळते ३३ मीटर मागे, तीही पाच अंशांपेक्षा कमी, आणि तिथून खांब ४६ मीटरच्या पुढे! हे सगळं टॅकल करून (चेंडू घेऊन धावणारीला पकडून पाडून) धापा टाकत असताना. थकव्यात टेकवायचा पाय चेंडूच्या मागेच पडतो, अंग मागे झुकतं, चेंडू उंच जाऊन आखूड पडतो. कंबर लवकर फिरली तर उजव्या पायाची किक डावीकडे ओढली जाते.

२०१४ ची वर्ल्ड कप फायनल बघा. पॅरिसमध्ये इंग्लंड २१, कॅनडा ९. कॅनडाचे नऊही गुण पेनल्टीचे. इंग्लंडच्या २१ पैकी १६ स्कॅरेटचे : तीन पेनल्टी, एक कन्व्हर्जन आणि, तुमच्या माहितीसाठी, एक ट्राय.

तिच्याविरुद्ध जाणारा सामनाही सांगतो, तुमच्या प्रतिक्रियेत तो नव्हता. २०२२ ची वर्ल्ड कप फायनल, ऑकलंडचं ईडन पार्क. न्यूझीलंड ३४, इंग्लंड ३१. न्यूझीलंडचे ट्राय सहा, इंग्लंडचे पाच; स्कॅरेटची पाचपैकी तीन कन्व्हर्जन बसली. हुकलेल्या दोनांचे गुण चार, हार तीनची. इंग्लंड रेड कार्डमुळे तासभर पंधराऐवजी चौदा जणींवर खेळलं आणि अगदी शेवटचा लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू कडेवरून पुन्हा आत फेकणं) न्यूझीलंडने हिसकावला, हे धरूनही त्या दोन किकना बोल लावायचा तर लावा. मग मात्र किकच्या गुणांना हलकं म्हणता येणार नाही.

आणि इंग्लंडच्या लिडिया थॉम्पसनला रेड कार्ड मिळालं ते वुडमनशी झालेल्या टकरीमुळेच. वुडमनही त्यानंतर मैदानाबाहेर गेली, म्हणजे ज्या फायनलमध्ये या दोघींची तुलना झाली असती, तिथेही ती अर्धवटच राहिली.

मूळ लेखात गुणांची फोड आणि वुडमनचे ट्राय आज जोडतोय.