चकलीवरचा कर

मी अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो, हे सदाशिव पेठेत उगाच सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची फेड २०२५च्या दिवाळीआधी झाली.

"अहो, त्या ट्रम्पचं नक्की म्हणणं काय?" भाजणीत हात घालून ही विचारायची. रोज! चिरंजीव न्यू जर्सीत, आणि २५ ऑगस्टपासून टपालाने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलेलं.

"आयात वाईट, असं म्हणणं."

"मग मेक्सिको-कॅनडाशी करार कोणी केला?"

"त्यानेच. २०२०मध्ये लागू झाला तेव्हा त्याचे गोडवे गात होता. २०२५च्या मार्चमध्ये त्याच दोघांवर २५ टक्के कर लावला. मंगळवारी लावला, गुरुवारी करारात बसणाऱ्या मालाला सोडलं."

"म्हणजे तुमच्या ताई. आहेर नको म्हणायचं आणि पाकिटं मोजायची."

माणसांचीही तीच गत. एच-वन-बी व्हिसा, म्हणजे परदेशी कुशल नोकरदारांचा, मला आवडतो, असं डिसेंबर २०२४मध्ये म्हणाला. पुढच्या सप्टेंबरात नव्या अर्जाला १ लाख डॉलर. त्या शनिवारी चिरंजीवांनी घाबरून दिवाळीचं तिकीट रद्द केलं. रविवारी कळलं, जुन्या व्हिसावाल्यांना ते लागूच नाही. तोवर तिकीट दुप्पट.

मला हसायचा फारसा अधिकार नाही म्हणा. १९०५ साली परदेशी कापडाची होळी आमच्याच गावात पेटली, ते मी वर्गात घसा ताणून सांगायचो. आणि घरी येऊन मुलाला अमेरिकेत शिकायला जायच्या जीआरई परीक्षेचा क्लास लावला.

शेवटी डबा घेऊन कुरिअरवाल्याकडे गेलो. शंभर डॉलरच्या आतल्या भेटवस्तूला कर नाही, हे मी वाचून गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "काकू, गिफ्ट लिहू ना?"

"गिफ्ट कसलं? आईनं पोराला फराळ पाठवायचा नाही तर काय करायचं?"

मी कोपर मारलं. उपयोग शून्य. मुलाने मुकाट्याने 'खाद्यपदार्थ' लिहिलं आणि भारतीय मालावरच्या अमेरिकेच्या ५० टक्के कराचा हिशेब केला. चार हजारांच्या फराळावर दोन हजार. वर वजनाचे वेगळेच.

१४ नोव्हेंबरला ट्रम्पने चहा, कॉफी, केळी आणि मसाले 'जशास तसे' करातून, म्हणजे दुसऱ्या देशांच्या करांना उत्तर म्हणून लावलेल्या करातून, वगळले. तिकडे महागाईची ओरड झाली होती. पेपर वाचून दाखवला, तर ही पावती शोधायला उठली.

"ओवा, तीळ, तिखट, हळद, हिंग. चकलीत निम्मा मसालाच असतो. जा, हजार रुपये परत मागून आणा."