‘भेक कशावरही जगतो’ म्हणे!

मुलांना पाळायला काहीतरी हवंय? मग परसातला भेक, म्हणजे खडबडीत कातडीचा बेडूक (इंग्रजीत टोड), बरणीत ठेवा. नळाचं पाणी, चिमूटभर खिमा, आजारी पडला तर मिठाच्या पाण्याची आंघोळ, कंटाळा आला की सोडून द्या. चिवट प्राणी आहे, मरत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांत हा सल्ला सर्रास फिरतो, आणि त्यातलं एकही वाक्य टिकत नाही. भेक चिवट वाटतो, कारण तो दुखणं दाखवत नाही. दिसतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आधी पाणी. भेक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या खालच्या अंगाच्या पातळ कातडीतून शोषून घेतो. ओल्या जागी पोट टेकून निवांत बसलेला दिसतो ना, तेव्हा तो पीत असतो. साहजिकच वाडग्यात जे असेल ते अंगात जातं. क्लोरीन भांडं दिवसभर उघडं ठेवल्यावर उडून जातो, पण तिथल्या बऱ्याच शहरांच्या पाण्यात क्लोरामीन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारा जंतुनाशक) असतो आणि तो तसा उडत नाही. मत्स्यालयाच्या दुकानातून क्लोरामीन काढणारं औषध आणा. आणि ‘शुद्ध’ म्हणून डिस्टिल्ड पाणी वापरू नका, त्याने अंगातले क्षार कमी होतात.

खिमा. भेकाला हलणारंच भक्ष्य कळतं. चिमट्याने हलवून भरवलात तर खाईलही, पण खिम्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो. रातकिड्यांतही कॅल्शियम कमीच, म्हणून त्यांना ड-३ जीवनसत्त्व असलेली कॅल्शियमची पूड चोळून द्यायची.

एक लक्षण मात्र हमखास फसवतं. भेक नेम धरतो, जीभ सोडतो, किडा चिकटत नाही. लोक म्हणतात, नजर गेली. कित्येकदा अ जीवनसत्त्व कमी पडून जिभेचा चिकटपणाच गेलेला असतो. वायोमिंग भेक (अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातली जात) रानातून नाहीसा झाल्यावर पिंजऱ्यात वाढवला गेला, तेव्हा जाणकारांच्या हाताखालीही त्याला हे झालं. पण म्हणून थेंब आणून पाजू नका, जास्त झालेलं अ जीवनसत्त्वही बाधतं.

आता मीठ, म्हणजे सगळ्यात घातक भाग. मांड्या आणि पोट लाल दिसू लागलं तर अनेकदा जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला असतो, त्याला मीठ काय करणार? सुस्ती आणि वारंवार कात टाकणं असेल तर कायट्रिड बुरशीचा संशय घ्यावा. ती कातडीतून होणारी क्षारांची ये-जा बिघडवते आणि शेवटी हृदय थांबतं. यावर इट्राकोनाझोल या बुरशीनाशकाच्या आंघोळी असतात, पण त्या डॉक्टरांनी ठरवलेल्या मापाने. अंग सुजलं तर डॉक्टरही मिठाचं द्रावण वापरतात हे खरं, पण मोजून. अंदाजपंचे मूठभर मीठ टाकलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. जखमेवर वेदनाशामक मलमही नको: त्यातल्या काहींत असणारं बेन्झोकेन डॉक्टर उभयचरांना गुंगी आणायला वापरतात, आणि जास्त मात्रेत मारायलाही.

मध्येच पाठ वाकवून, जबडा हलवत काहीतरी तोंडात ओढताना दिसला तर घाबरू नका. तो स्वतःची कात खातोय.

हात लावल्याने चामखीळ येत नाही, ती माणसाच्या विषाणूने येते. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची भीती मात्र खरी. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरी उभयचर नकोत म्हणते. हात साबणाने धुवा, आणि वाडगा स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नको.

डॉक्टर शोधताना ‘उभयचर बघता का’ हे आधीच फोनवर विचारा, कुत्र्यामांजरांचे बरेच डॉक्टर नाही म्हणतात. भेकाला नेताना डब्यात ओला टिश्यू पेपर घाला, ताजी विष्ठा सोबत न्या, जंत त्यातच सापडतात.

राहिलं सोडून देणं. दुकानातल्या बेडकांसोबत राहिलेला भेक कायट्रिड घेऊन परसात जाऊ शकतो. तो नको झाला तर त्याच डॉक्टरांना विचारा, कुंपणापलीकडे नेऊन ठेवू नका.