डॉ. भाऊ दाजींना पटावर बसवण्याबद्दल

महोदय,

नववीच्या वर्गासाठी मी तयार केलेल्या 'मुंबई 1865' या शेअर बाजाराच्या पट-पत्त्यांच्या खेळावरील लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. तिच्यातील एक दुरुस्ती मी मान्य करते. राजाबाई टॉवर 1878 साली पूर्ण झाला, तेव्हा 1865 च्या पटावर त्याचे चित्र असणे चूक आहे. पुढच्या छपाईत तेथे कापसाच्या गाठी येतील.

परंतु आपण पुढे लिहिता, "डॉ. भाऊ दाजींसारख्या ऋषितुल्य माणसाला सटोडियांच्या पंगतीला बसवून ही बाई मुलांना जुगाराचे बाळकडू पाजत आहे." माझे विद्यार्थी मला 'बाई' म्हणतात आणि चोवीस वर्षे तो शब्द मी मानाने मिरवला आहे, आपण तो ज्या सुरात वापरला आहे, त्या सुरात तो मला आजवर कोणी ऐकवला नव्हता. मतभेद असू शकतात, पण अनोळखी शिक्षिकेशी बोलण्याची काही रीत असते आणि ती पाळण्याइतके शिक्षण आपले झाले असावे असे आपल्या भाषेवरून तरी वाटते.

आता त्या वाक्यातील आरोपाविषयी. भाऊ दाजींना त्या पंगतीला मी बसवलेले नाही. अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला कधी नव्हे एवढा भाव आला. त्या पैशातून रोज नवी बँक, नवी कंपनी उभी राहू लागली. बॅक बेची खाडी बुजवून जमीन काढणाऱ्या कंपनीचा 5,000 रुपये भरलेला शेअर 50,000 च्या घरात गेला. 1863 च्या कायद्याने मोकळीक मिळताच बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्जे देऊ लागली आणि त्या बँकेवर कापूस व शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचे वजन केवढे होते, हे सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडील बंडखोर राज्यांचे सेनापती जनरल ली शरण आले, कापूस उतरला आणि 1 जुलैला मुदतीच्या सौद्यांची, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे देण्याच्या बोलीवर घेतलेल्या शेअरची, फेड करण्याची वेळ आली तेव्हा फेडायला कोणाजवळच काही उरले नव्हते. त्या बुडालेल्यांत ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले, शिलालेख वाचणारे, महारोगावर औषध शोधणारे, गरिबांवर मोफत उपचार करणारे भाऊ दाजीही होते. जमशेटजींचे वडील नसरवानजी टाटा यांच्या पेढीलाही जबर फटका बसला. ही माणसे मूर्ख नव्हती, लोभी म्हणून कुप्रसिद्धही नव्हती, आणि नेमके हेच चौदा वर्षांच्या मुलाला कळावे म्हणून त्यांची नावे पत्त्यांवर आहेत.

आपण हा खेळ कोणी खेळताना पाहिला आहे का? मुलांजवळ चिंचोके असतात, खरा पैसा नसतो. प्रत्येक फेरीत आगबोटीने आलेली बातमी वाचली जाते, भाव वर सरकतो, आणि चिंचोके संपले तरी 'मुदतीचा सौदा' लिहून देऊन शेअर घेता येतो. शेवटच्या फेरीत सगळ्या चिठ्ठ्या एकदम पुढे येतात. 2,850 रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 87 वर आलेला मुले स्वतःच्या हातातल्या पत्त्यावर वाचतात, आणि तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती पाहिलेल्या माणसाने 'जुगार' हा शब्द लिहिला नसता. जुगारात कोणी तरी जिंकून उठतो. माझ्या वर्गात बहुतेक वेळा सगळेच नादार होऊन उठतात आणि मग आपण उसन्या पैशावर शेअर का घेतले, याची चर्चा पुढच्या तासिकेपर्यंत चालते.

मी हे पुस्तकातून शिकलेले नाही. 1992 साली मीही नववीत होते. कचेरीत कारकून असलेल्या माझ्या वडिलांनी त्या मार्चमध्ये एका परिचिताच्या सांगण्यावरून भविष्य निर्वाह निधीतली रक्कम काढून शेअर घेतले आणि महिनाभरात बाजार कोसळला. ती शेअर सर्टिफिकिटे लोखंडी कपाटात कित्येक वर्षे पडून होती. आमच्या घरात पुढे 'शेअर' हा शब्द कोणी उच्चारला नाही, काय झाले ते आम्हा भावंडांना कोणी सांगितले नाही, कारण वडिलांचा मान राखायचा होता. मान राखला गेला, परंतु माझ्या धाकट्या भावाने वीस वर्षांनी नेमके तेच केले. आपण भाऊ दाजींसाठी जो मान मागत आहात तो मी घरात पाहिला आहे, महोदय, आणि त्याची किंमतही दिली आहे. तेव्हा मुलांच्या हिताची काळजी आपल्यालाच आहे आणि मला नाही, असे कृपया गृहीत धरू नये.

कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला पटावर जागा नाही, प्रेमचंद यांच्या पत्त्याला सुरुवातीला जास्त भांडवल दिल्यामुळे खेळ एकतर्फी होतो, बातमी सर्वांना एकाच वेळी कळते, हे आपले उरलेले आक्षेप मी वाचले. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत सारे मावत नाही, एवढेच त्यावर सांगते. ज्यांनी कधी वर्ग सांभाळला आहे त्यांना अधिक सांगावे लागत नाही.

राजाबाई टॉवरचे चित्र जाईल. भाऊ दाजींचा पत्ता राहील, आणि त्याच्या मागच्या बाजूला त्यांच्या वैद्यकीय व संशोधनकार्याच्या ज्या सहा ओळी आहेत, त्याही राहतील. आपण पत्ता उलटून पाहिला नसावा.