सत्कार आवरा, गाणं सुरू करा!

पत्रिकेवर छापलेलं असतं, ‘सायंकाळी ठीक 7 वाजता’. त्या ‘ठीक’वर विश्वास ठेवून आम्ही दरवर्षी साडेसहालाच पाण्याची बाटली आणि सतरंजी घेऊन मैदानात हजर. चैत्रातली जत्रा, दिवसभर अंगाची लाही लाही झालेली, आता कुठे जरा वारं सुटलेलं. गावात वर्षातून एकदाच धड गाणं ऐकायला मिळतं हो!

आणि मग सुरू होतात सत्कार. त्याआधी दीपप्रज्वलन. वाऱ्यानं वात विझते, ती पुन्हा पेटवायची, कारण फोटो नीट आला नाही. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मांडववाल्याचा सत्कार, जनरेटरवाल्याचा सत्कार, सत्कार करणाऱ्याचाही सत्कार! एवढ्या उकाड्यात शाल? प्रत्येक जण ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणतो आणि घेतोच. मागे तबलजी बिचारा हातोडी घेऊन तबला पुन्हा पुन्हा लावतोय. यमन हा संध्याकाळी गायचा राग, त्याची वेळ भाषणातच जाते.

साडेनऊला गाणं. दहाला पोलीस हजर, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले 15 दिवस सरकारला मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते म्हणे, पण त्यात आमची जत्रा कशाला असेल! मग काय, दोन गाणी झाली की गायिकेनं थेट मैफलीच्या शेवटची भैरवीच धरायची.

आभारप्रदर्शन मात्र सुटत नाही. यंदा तर आभार मानणाऱ्यांनी वर स्वतःच दोन कडवी म्हणून दाखवली.