कीमो चालू असताना आम्ही इमॅजिकाला गेलो, त्याबद्दल

मला ब्रेस्ट कॅन्सर आहे, कीमो चालू आहे, आणि मधेच आम्ही लेकीला घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जाऊन आलो. गेल्या महिन्यापासून नातेवाईकांचा एकच प्रश्न चालू आहे, "अगं कीमो चालू असताना इमॅजिका? सुचतं तरी कसं तुम्हाला?" फोनवर प्रत्येकाला वेगळं सांगून दमले म्हणून एकदाच इथे लिहिते, बडोद्यातले आपले सगळे वाचतीलच.

"ट्रीटमेंट संपू दे, मग जा" हे सगळ्यात जास्त ऐकलं. मला ते पटत नाही. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये कीमो, ऑपरेशन, रेडिएशन आणि त्यानंतर कित्येक जणींना ५ ते १० वर्षं हार्मोनच्या गोळ्या, मग संपलं म्हणायचं कधी? आणि माझी लेक आत्ता नऊ वर्षांची आहे, तिचं हे वर्ष काय माझी ट्रीटमेंट संपायची वाट बघत थांबणार आहे का? माझे केस गेल्यापासून ती घरात हळू बोलते, न सांगता पाणी आणून देते, शाळेत काय झालं ते सांगत नाही कारण "आई दमलीये". मला ते बघवत नव्हतं. तिला एकदा पोटभर ओरडताना, हट्ट करताना बघायचं होतं, बस.

आता जे खरंच घाबरून विचारतात त्यांच्यासाठी. आम्ही काही असंच उठून गेलो नाही. माझी कीमोची सायकल २१ दिवसांची आहे, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंत २१ दिवस. कीमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्या दिवसांत गर्दीत जाणं म्हणजे इन्फेक्शनला बोलावणं, तिसऱ्या आठवड्यात काउंट वर यायला लागतात आणि अंगात पण जरा जीव येतो. म्हणून तिसरा आठवडा धरला, निघायच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी केली, न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या वर आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ठीक बघून डॉक्टर हो म्हणाले तेव्हाच बॅगा भरल्या. शनिवार-रविवार मुद्दाम टाळला. ट्रीटमेंटचा कागद, औषधांची यादी आणि थर्मामीटर पर्समध्ये, कारण ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन घेऊन झोपायचं नसतं, सरळ हॉस्पिटल गाठायचं असतं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. खोपोलीपासून जवळचं मोठं हॉस्पिटल कोणतं ते ह्यांनी आधीच बघून ठेवलं होतं.

वॉटर पार्कला मी साफ नाही म्हटलं. त्या पाण्यात एवढी माणसं उतरतात, काही जंतू क्लोरीनला पण लवकर दाद देत नाहीत, आणि माझ्या छातीत पोर्ट आहे, म्हणजे कीमो द्यायला कातडीखाली बसवलेली छोटी डबी. नायट्रो रोलर कोस्टरसारख्या मोठ्या राइड पण नाही, राइडचा पट्टा बरोबर पोर्टवर दाबतो आणि प्लेटलेट कमी असतील तर साध्या झटक्यानेही काळंनिळं होतं. स्नो पार्क सगळ्यांनाच चालत नाही हं, वॉर्डात माझ्या शेजारी एक काका असतात त्यांना ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं कीमोचं औषध चालू आहे, त्यांना फ्रिजचं पाणी प्यायलं तरी घशात टोचतं, बोटांना मुंग्या येतात, त्यांच्यासारख्यांनी बर्फात पाऊल पण टाकू नये. ज्याचं औषध वेगळं त्याचे नियम वेगळे, म्हणून माझं बघून कोणी तिकीट काढू नका, आपल्या डॉक्टरला विचारा.

राहायचं पार्कला लागून असलेल्या हॉटेलात, इथे मात्र पैसे वाचवायचे नाहीत. दुपारी मी रूमवर येऊन सरळ झोपले, ऊन पण चुकलं, आणि कीमोत ऊन चुकवावंच लागतं, स्किन लगेच जळते. बाहेरचं कापलेलं फळ, बर्फ, चटणी काही नाही, घरचे ठेपले आणि समोर केलेलं गरम जेवण. व्हीलचेअर लाजायचं कारणच नाही, चालता येत असलं तरी घ्या, ताकद संध्याकाळसाठी राहते.

एका आत्यांनी तर म्हटलं, लोक काय म्हणतील, आजारी बाई मजा करते. मला ह्याचं फार वाईट वाटलं. अहो आपल्या गावात सयाजीरावांनी १८७९ मध्ये कमाटी बाग केली ती सगळ्यांसाठीच ना, बाजूला सयाजी हॉस्पिटल आहे, तिथले पेशंट आणि त्यांचे घरचे किती तरी वेळा बागेत येऊन बसतात, त्यांना कोणी विचारतं का की इथे कसे? आजारी माणसाने चेहरा पाडून घरीच बसावं ही अपेक्षा क्रूर आहे, आणि ती जास्त करून आजारी बायकांकडूनच ठेवली जाते. माझ्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "जा गं, पण रोज फोन कर", त्या एवढ्या वाक्यावर मी निघाले.

आणि ज्यांना खरंच मदत करायचीय त्यांनी "सुचतं कसं" विचारू नका, बरोबर चला. माझा धाकटा भाऊ सुट्टी टाकून आला आणि ज्या ज्या राइडला मी नाही म्हटलं त्या सगळ्यांत भाचीबरोबर बसला, राजासॉरस नावाच्या पाण्याच्या राइडमध्ये दोघं चिंब भिजून आले आणि ती लांबूनच जोरात ओरडत आली, "आई, मामा माझ्यापेक्षा जास्त घाबरला!" असा एक मामा, काका, मावशी कोणीतरी पेशंटच्या घरात मुलांसाठी हवाच. पुढच्या वेळी आजव्याच्या आतापी पार्कला जायचा विचार आहे, घरापासून जवळ आहे, कोणाला मुलांबरोबर राइडमध्ये बसायला जमणार असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, तारीख सीबीसी बघून ठरवू.